जिभेला चिकटणारा कोळसा

शून्य मिनिटं

दोघींचा कोळसा एकाच क्षणी पाण्यात पडला पाहिजे, असं सरांनी बजावलं होतं. म्हणून ऋजुताने उजव्या हातात आपली वाटी घेतली, डाव्या हातात कमळीची, आणि दोन्ही हात सगळ्यांना दिसतील असे उंच धरून वाट्या उपड्या केल्या. काळा चुरा गुलाबी पाण्यात भसकन गेला.

काचेच्या दोन मोठ्या बरण्या. दोन्हींत राणी रंगाचं पाणी, इतकं गडद की पलीकडे उभ्या माणसाचा शर्ट कळू नये. एका बरणीवर कागद चिकटवलेला: ऋ. दुसरीवर: क.

जित्याच्या स्टेशनापासून चालत दहा मिनिटांवर दिनानाथ पाटलांचा गणपतींचा कारखाना. दिवस आषाढाचे, म्हणजे रंगकाम ऐन भरात. पत्र्याच्या शेडमध्ये दोनेकशे मूर्ती दाटीवाटीने बसलेल्या. काहींचं पीतांबर रंगून झालेलं, पण डोळ्यांची आखणी राहिलेली. फवारणीची गन, ब्रश, डबे रोज धुवायचे आणि ते पाणी मागच्या नाल्यात सोडायचं, ही आजवरची रीत. पीतांबराचा जो रंग, तोच त्या दिवशी नाल्याचा.

आज आजूबाजूचे आठ-दहा कारखानदार खुर्च्या ओढून बसले होते. फणसाच्या साली भाजून केलेला कोळसा हा रंग पाण्यातून ओढून घेतो, असं त्यांना सांगण्यात आलं होतं. ज्या कोळशाने पाणी जास्त निवळेल, त्याने भरलेले गाळणीचे खड्डे सगळ्या कारखान्यांमागे व्हायचे होते. आणि प्रयोगाच्या अहवालात पहिलं नाव त्याच्या करणारीचं जायचं होतं. हे गोपाळकृष्ण सरांनी सगळ्यांसमोर, दोनदा, सांगितलं होतं.

"पाच मिनिटांनी पहिला नमुना," सर म्हणाले आणि त्यांनी घड्याळाचं बटण दाबलं.

कोण जिंकणार हे त्या शेडमध्ये एकट्या ऋजुताला माहीत होतं.

त्याआधी, आठ वर्षं

ऋजुता टिपणीस रोह्याच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची आणि शेजारच्या अष्टमी गावात राहायची. कुंडलिका नदीच्या पुलावरून रोज स्कूटरने ये-जा. पीएचडीला नाव घातलं त्याला आठ वर्षं झाली होती. विषय एकच: फळांच्या टाकाऊ सालींचं बायोचार, म्हणजे हवा न लागू देता भाजलेला कोळसा, आणि त्याने पाण्यातला रंग शोषणं. कलिंगड झालं, केळी झाली, शेवटी ती फणसावर स्थिरावली. नवरा एकदा पाहुण्यांसमोर म्हणाला, "आमच्याकडे फणस कापला की गरे पोरांना आणि साल हिला." सगळे हसले. तीही हसली आणि साल उचलून आत घेऊन गेली.

कोळसा व्हायचा तो कॉलेजच्या विजेच्या भट्टीत. लॅब पाचला बंद. शिपाई साडेचारपासून किल्ल्या वाजवत फिरायचा. त्यामुळे चार वाजले की भट्टीचं दार उघडायचं. आठ वर्षं तिचा कोळसा चार वाजता बाहेर आला.

रंगाचं पाणी मात्र खरं हवं. म्हणून दर पंधरा दिवसांनी गाडीने जित्याला उतरून दिनानाथशेठच्या कारखान्यातून ती दोन कॅन भरून न्यायची. यंदाच्या उन्हाळ्यापासून कॅन भरून द्यायला कमळी यायची. कमळी हिलम, पलीकडच्या कातकरवाडीतली. कारखान्यात माती मळायची, डबे धुवायची. वयाने ऋजुताएवढीच, चाळिशीच्या अलीकडे-पलीकडे. हात मनगटापर्यंत कायम कुठल्या ना कुठल्या रंगाचे.

"म्याडम, ही घाण न्येता कुठं?"

"रोह्याला. कॉलेजात."

"का? तिकडं नाय का घाण?"

ऋजुताने तिला सगळं समजावून सांगितलं. वर्गात सांगते त्याहून सोपं करून, आणि वर्गात कधी वाटत नाही एवढं छान वाटून घेत.

"म्हंजे कोळसाच ना?" कमळी म्हणाली.

"कोळसाच. पण साधा नाही."

"कोळसा साधाच असतो म्याडम. लावणारा अर्धवट असतो."

कमळीचं अर्धं लहानपण घाटावर कोळशाच्या भट्ट्यांपाशी गेलं होतं. आईबाप दर साल दिवाळी झाली की जायचे ते पाऊस तोंडावर आला की परतायचे. ती धुरावर बोलायला लागली की तिचे रंगीत हात हवेत भट्टी रचायचे. "पांढरा धूर म्हंजे पाणी जातंय. पिवळा म्हंजे लाकूड रडतंय. निळा झाला की भोकं लिंपायची आन् पाठ फिरवायची. दोन दिस भट्टीकडं बघायचं नाय."

"बघितलं तर काय होतं?"

"बघितलं की हात जातो. हात गेला की वारा जातो. मंग राख."

पुढच्या खेपेला कमळीने एक पुरचुंडी पुढे केली. रंगाच्या रिकाम्या पिंपात, पेणच्या बाजारातल्या फणसवाल्याकडून आणलेल्या साली घालून, वरून मातीने लिंपून तिने वाडीत कोळसा लावला होता. "जिभेला लावा."

"काय?"

"लावा तर."

ऋजुताने कपची जिभेला टेकवली. ती जिभेला चिकटून बसली, ओढून काढावी लागली. मग कमळीने ऋजुताच्या डबीतली एक कपची उचलून आपल्या जिभेवर ठेवली. ती घसरून ओठावर आली. "तुमचा सरकतो," ती हसत म्हणाली. "तहानेला कोळसा जीभ पकडतो. तुमच्याच्या पोटात जागा नाय. घाईनं काढलाव."

ऋजुताही हसली. पुरचुंडी तिने लॅबमध्ये टेबलाखाली ठेवली आणि महिनाभर तिकडे पाहिलं नाही.

पाच मिनिटं

ऋजुताने दोन्ही बरण्यांतून चमचाभर पाणी काढलं, गाळणकागदातून गाळलं, दोन नळ्यांत भरलं. नळ्या पांढऱ्या पुठ्ठ्यासमोर उभ्या केल्या.

ऋ: थोडं फिकं.

क: होतं तसंच.

"काय गो कमले," दिनानाथशेठ खुर्चीतून म्हणाले, "तुझा कोलसा जेवून आलाय काय?"

शेड हसली. कमळीही हसली, कारण हसण्यासारखंच होतं. ती मूर्तींच्या रांगेपाशी भिंतीला टेकून उभी होती. आज तिने हिरवं लुगडं नेसलं होतं, नवं असावं. हात घासघासून आले होते, तरी नखांत पिवळा राहिलाच होता.

"पाच मिनिटांत काय होतंय शेठ," ती म्हणाली. "तुम्हाला चहा प्यायला दहा लागतात."

ऋजुताने वहीत आकडे लिहिले. अक्षर नेहमीसारखं आलं, याचं तिलाच बरं वाटलं.

त्याआधी, एक 'वा'

जूनमध्ये गोपाळकृष्ण सर लॅबमध्ये आले होते. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी सर आले की ऋजुता उठून उभी राहायची. ती त्यांची विद्यार्थिनी; तिच्या प्रबंधावर आता मार्गदर्शक म्हणून नाव दुसऱ्याचं असलं तरी खरे परीक्षक सरच. सर खुर्चीत बसले आणि त्यांचा पाय टेबलाखालच्या पुरचुंडीला लागला.

"हे काय?"

"काही नाही सर. कारखान्यातल्या एका बाईने दिलंय. कोळसा."

सरांना 'काही नाही' म्हटलेली गोष्ट उघडून बघायची जुनी खोड. त्यांनी कोळसा कुटला, तोलला, रंगाच्या पाण्यात घातला, आणि दोन तास तिथंच बसून राहिले. ऋजुताच्या कोळशाने दोन तासांत शंभरातला एकाहत्तर भाग रंग काढला होता. आठ वर्षांतला तो सर्वांत चांगला आकडा होता. पुरचुंडीतल्या कोळशाने चौऱ्याण्णव काढला.

सरांनी नळी खिडकीसमोर धरली.

"वा," ते म्हणाले.

एम.एस्सी.ला ती पहिली आली होती तेव्हा सर म्हणाले होते, "ठीक." तिचा पहिला निबंध छापून आला तेव्हा म्हणाले होते, "चौथ्या पानावर मुद्रणदोष आहे." वीस वर्षांत तिने त्यांच्या तोंडून 'वा' ऐकलं नव्हतं, आणि आता ऐकलं ते टेबलाखाली पडलेल्या पुरचुंडीसाठी.

"या कमळाबाईंना भेटलं पाहिजे," सर म्हणाले. कमळाबाई! ऋजुता तिला तीन महिने कमळी म्हणत होती, खुद्द कमळीही स्वतःला कमळीच म्हणायची. सरांनी न पाहताच तिला बाई करून टाकलं.

ते खरंच गेले. वाडीत जाऊन कमळीच्या झोपडीपुढे पाट घेऊन बसले, कोरा चहा प्यायले, निळा धूर बघायला दोन दिवस हेलपाटे घातले. ऋजुता दर गणपतीला त्यांना अष्टमीच्या घरी बोलवायची. गुडघ्याचं कारण सांगून ते आजवर आले नव्हते. वाडीपर्यंतची वाट चढणीची आहे.

सरांनी फोटो पाठवला. पिंपापाशी कमळी, चेहऱ्यावर राख, तोंडभर हसू. ऋजुता तो फोटो स्टाफरूममध्ये बघायची, स्वयंपाकघरात बघायची. दोन बोटांनी मोठा करायची. मोठा केल्यावर हसू अजून मोठं व्हायचं. हिला कसलं हसू येतंय, असं तिला वाटायचं. हिला तर माहीतही नाही की हिने काय केलंय. आणि मग लगेच वाटायचं, माहीत आहे. धूर निळा झाल्याचं तिला माहीत असतं. पाठ फिरवायची कधी ते माहीत असतं. आपल्याला फक्त शिपायाच्या किल्ल्या माहीत.

सरांचा फोन यायचा. पूर्वी दोन मिनिटांत आटोपणारा फोन आता अर्धा अर्धा तास चालायचा. "ऋजुता, कमळाबाई म्हणतात की..." तिने मोजायचं सोडून दिलं.

पंधरा मिनिटं

ऋ: बरंच फिकं. पलीकडच्या माणसाचा शर्ट चौकटीचा आहे, हे कळू लागलं.

क: गडद. नीट पाहिलं तर आधीपेक्षा काकणभर जास्तच.

"आयला, ह्यो तर रंग सोरतोय!" मागून एक कारखानदार म्हणाला. "कमले, कोलसा आणलास का पीतांबर?"

या वेळी कमळी हसली नाही. तिने भिंत सोडली आणि टेबलापाशी आली. बरणीकडे तिने क्षणभरच पाहिलं. मग क लिहिलेल्या डबीत तळाशी उरलेल्या कोळशाकडे पाहत राहिली.

"कमळाबाई, काय वाटतं?" सरांनी विचारलं.

"बघते," कमळी म्हणाली.

त्याआधी, शनिवार

शनिवारी कॉलेज अर्धा दिवस. शिपायाला गावी भातलावणीला जायचं होतं, त्याने किल्ली ऋजुताकडेच दिली. बाहेर लख्ख दुपार होती. मैदानात पोरं चिखलात कबड्डी खेळत होती आणि त्यांचा आरडाओरडा लॅबपर्यंत येत होता.

प्रात्यक्षिकासाठी कमळीने दिलेला कोळसा जाडसर कुटून डबीत तयार होता. ऋजुता फक्त झाकण घट्ट आहे का बघायला गेली होती. निदान दार उघडताना तरी तसंच होतं.

भरल्या पोटी कोळसा काही पीत नाही. हे तिला कुणी शिकवायला नको होतं. आठ वर्षं ती तेच मोजत होती, किती पितो आणि कधी थांबतो. तिने घट्ट राणी रंग कालवला, कमळीचा कोळसा त्यात ओतला आणि ढवळला. तासाभरात वरचं पाणी निवळलं. पुन्हा रंग. पुन्हा निवळलं. किती पितेस गं, ती मनात म्हणाली, आणि कोळशाला आपण 'गं' म्हटलं हे तिच्या लक्षातही आलं नाही. पाचव्या खेपेला पाणी गुलाबीच राहिलं. मग तिने तो गाळला, वरवर धुतला, ओव्हनमध्ये वाळवला आणि डबीत परत भरला.

काळा तो काळाच. कुणाच्या बापाला दिसणार नव्हतं.

ओव्हन बंद करताना तिने घड्याळ पाहिलं. सहा. पहिल्यांदाच तिच्या हातून एखादा कोळसा घाई न होता निघाला होता.

वीस मिनिटं

नमुना काढायची वेळ झाली होती आणि ऋजुताचा चमचा हातातच राहिला.

कमळीने डबीतल्या चुऱ्यातून एक मोठीशी कपची उचलली.

पुढे काय होणार, ते ऋजुताशिवाय कुणालाच कळलं नसतं. ओरडायला तिला दोन श्वास होते. वर्गात ती पोरांना हा रंग उघड्या बोटाने हाताळू देत नसे. पोटात जायची गोष्ट नाही ही, असं दरवर्षी पहिल्याच तासाला सांगायची. आता तिने ओठ घट्ट मिटले. ओरडलं तर सगळं उघड झालं असतं.

कमळीने कपची जिभेवर ठेवली.

चिकटली नाही. घसरली. कमळीने ती ओठाने सावरली, पुन्हा ठेवली. पुन्हा घसरली. तिने कपची तळहातावर थुंकली आणि पाहिली. तळहातावर ओल्या कपचीभोवती गुलाबी कडं उमटलं होतं.

मग तिने मूठ मिटली. तोंडही मिटलं. आणि ऋजुताकडे पाहिलं.

तीस मिनिटं

कमळी बोलेना.

"काय झालं गो?" दिनानाथशेठनी विचारलं. तिने मान हलवली.

"कमळाबाई, पिंपाला कुठे फट राहिली होती का?" सरांनी विचारलं. तिने पुन्हा मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते कळेना.

"लाजली," कुणीतरी म्हणालं. "एवढ्या मानसांत हरली ना."

ऋजुताने उत्तर तयार ठेवलं होतं. कमळी म्हणाली असती, यात रंग हाय, की ती शांतपणे म्हणणार होती, कारखान्यातली डबी, कारखान्यातले हात, लागला असेल कुठेतरी. शनिवारपासून ती हे वाक्य मनात घोळवत होती. पण कमळी बोलतच नव्हती. ओठ मिटून उभी होती, डाव्या कोपऱ्यात सुईएवढी गुलाबी रेघ घेऊन. आणि सगळी शेड तिच्याकडेच बघत होती. हरलेल्या बाईकडे! जिंकत आलेल्या बरणीकडे कुणाची नजर नव्हती. आताही हिच्याकडेच, ऋजुताला वाटलं, तोंड बंद ठेवूनसुद्धा हिच्याकडेच.

बोल ना. एकदा बोल.

सरांनी ऋ-ची नळी उचलली, शेडच्या दारापाशी उजेडात नेली, फिरवून पाहिली. पाणी आता फिक्या गुलाबासारखं झालं होतं.

"वा, ऋजुता," ते म्हणाले.

आला. वीस वर्षांनी तो शब्द आला, तिच्या नावासकट आला, आठ-दहा माणसांसमोर आला. कारखानदारांनी टाळ्या वाजवल्या. दिनानाथशेठ म्हणाले, "म्याडमचाच खड्डा करू मंग." ऋजुता त्या शब्दाची वाट पाहत राहिली, आत कुठेतरी तो लागेल, चिकटेल म्हणून. तो सरकत गेला.

एकतीस मिनिटं

तिने चमचा खाली ठेवला. क-च्या डबीत बोटं घातली, चिमूटभर चुरा उचलला आणि तोंडात टाकला.

"म्याडम!" कुणीतरी ओरडलं.

तिने तो जिभेवर धरून ठेवला. कडू नव्हता, कसलीच चव नव्हती. मग पुठ्ठ्यावर थुंकून टाकला आणि सगळ्यांकडे तोंड करून, लहान पोरं वेडावतात तशी, जीभ बाहेर काढली.

राणी रंगाची.

कुणी हसलं नाही. एक कारखानदार खुर्चीतून अर्धा उठला आणि तसाच राहिला.

"मी भरला," ऋजुता म्हणाली. शब्द जाड येत होते. "तिचा कोळसा. आधीच रंगाने भरला. शनिवारी. तिचा चांगला होता म्हणून."

सर तिच्याकडे बघत होते. एखाद्या मुद्रणदोषाकडे बघावं तसे.

बोलली ती कमळी. तिने तोंड उघडलं तेव्हा तिचीही जीभ दिसली, तोच रंग. "मागून खायचा व्हता म्याडम. दिला असता की मी."

आता मात्र दिनानाथशेठना हसू फुटलं, पण त्यांनी खोकल्यात लपवलं.

"तुला कळलं होतं," ऋजुता म्हणाली. "मग बोलली का नाहीस?"

"बोलून?" कमळीने आपले दोन्ही हात पुढे केले, घासून घासून पांढुरके झालेले, नखांत पिवळा राहिलेले. "म्हनाले असते, कमळीचेच हात रंगाचे. तुम्ही पन तेच म्हनला असता. म्हनला असता का नाय?"

ऋजुताला खोटं बोलता आलं नाही. "म्हटलं असतं."

"मंग?"

साठ मिनिटं

"लिही," सर म्हणाले. वही त्यांनी स्वतः तिच्यापुढे सरकवली. ऋजुताने लिहिलं:

*नमुना क. प्रयोगापूर्वी प्रयोगकर्तीने रंगाने पूर्ण भरलेला. नोंदी १ ते ३ रद्द. कारण:*

कारणापुढे तिने लिहिलं: *मत्सर.* मग ते खोडून: *प्रयोगकर्तीचा मत्सर.* वैज्ञानिक वहीत कर्ता स्पष्ट असावा, हे सरांनीच शिकवलं होतं.

"कमळाबाई," सरांनी विचारलं, "त्या भट्टीतला अजून थोडा शिल्लक आहे?"

कमळीने वाडीच्या दिशेने पाहिलं. "हाय," ती म्हणाली. "मूठभर. वाशाला बांधलेला."

तिच्या घरात रीत होती. दर भट्टीतली पहिली मूठ फडक्यात बांधून वाशाला टांगायची. पुढची भट्टी लागेपर्यंत ती भट्टीची. तिची आये तसंच करायची. ती मूठ विकायची नाय, जाळायची नाय, कुणाला द्यायची नाय.

"नको मग," सर म्हणाले. "पुढच्या महिन्यात पुन्हा करू प्रयोग."

"पुढच्या महिन्यात फणस कुठला?" कमळी म्हणाली. तिने पदर खोचला. "आणते. भट्टीला सांगेन, म्याडमनी तुला उष्टं केलं, म्हनून चौकशीला यायला लागलं."

वाडीतून ती वीस मिनिटांत परतली. तेवढा वेळ शेडमध्ये ऋजुताशी कुणी बोललं नाही. एका कामगाराने तिला पाण्याचा तांब्या आणून दिला. तिने चुळा भरल्या. प्रत्येक चूळ गुलाबी पडली, आणि नाल्याच्या दिशेने वाहत गेली.

एकशे वीस मिनिटं

रंगाच्या नव्या पाण्यात कोळसा कमळीने स्वतःच्या हाताने टाकला आणि सरांनी घड्याळ पुन्हा शून्यावरून लावलं. त्याआधी एक कपची ऋजुताच्या पुढे धरली. ऋजुताने ती जिभेला लावली. गुलाबी जिभेलासुद्धा ती घट्ट चिकटली. काढताना दुखलं.

दोन तासांनंतरची नळी ऋजुतालाच उचलून धरायला लावली. त्यातून कारखानदारांचे चेहरे दिसत होते, मागच्या मूर्ती दिसत होत्या, एका गणपतीच्या कपाळावरचं अर्धं राहिलेलं गंधही दिसत होतं. यंत्र लॅबमध्ये होतं, नेमका आकडा दुसऱ्या दिवशी कळणार होता, पण आकडा नसला तरी चालण्यासारखं होतं.

"वाचून दाखव," सर म्हणाले.

"स्वच्छ," ऋजुता म्हणाली.

सर नळीकडे बघत राहिले. ऋजुता वाट बघत होती. आता 'वा' येणार, कमळीच्या नावासकट, आणि तो आपल्याला लागणार. हे सगळं झाल्यावरही लागणार. तिने कान तयार ठेवले.

सर काहीच म्हणाले नाहीत. नळी खाली ठेवून त्यांनी कमळीला हात जोडले.

ते जास्त लागलं.

दोन दिवस

अहवालात पहिलं नाव कमळी लखमा हिलम असं गेलं. ते टाइप ऋजुतानेच केलं. खाली, मोजमापं घेणारी म्हणून, तिचं. सरांनी ते काढलं नव्हतं आणि ठेवलंय असंही म्हणाले नव्हते. त्यांचा फोन आला नाही.

जिभेवरचा रंग उतरेना. तिने दात घासले, चिंच चोळली, मीठ चोळलं. नवऱ्याने विचारलं, "मुलांचा बर्फाचा गोळा खाल्लास की काय?" ती हो म्हणाली. वर्गात ती फळ्याकडे तोंड करून शिकवत होती, तरी पहिल्या बाकावरच्या पोरी एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या.

दुपारी फोन वाजला. कमळीने दिनानाथशेठच्या फोनवरून केला होता.

"म्याडम, शेठ चार पिंपं देतायत. सायबांनी सांगितलंय, मोजायला तुम्हीच पायजे. पन माझा कोळसा बघायचा आसंल तर भट्टीवर यायचं. दोन दिस बसायचं. घड्याळ घरी ठेवायचं."

"येईन," ऋजुता म्हणाली.

"आन् भट्टीकडं बघायचं नाय. माझ्याकडं बघा पायजे तर, तुम्हाला सवय हाय."

ऋजुताने फोन दुसऱ्या कानाला लावला. हे सरांनी सांगितलं असेल का, फोटोचं? सरांना तर ठाऊक नव्हतं. कुणालाच ठाऊक नव्हतं.

"जीभ उतरली का?" कमळीने विचारलं.

"नाही अजून. तुझी?"

"माझी कालच उतरली. राखंनं घासली, सपा साफ."

फोन ठेवल्यावर ऋजुता स्टाफरूमच्या बेसिनच्या आरशासमोर उभी राहिली आणि तिने जीभ बाहेर काढली. काठाला जरा फिकट, मध्ये अजून राणी. एक दिवस आधी, तिला वाटलं. त्यातही एक दिवस आधी.

मग ती लॅबमध्ये गेली आणि भट्टीच्या तळाशी राख आहे का, ते शोधू लागली.